उघडी बाहुली

"रोज तीन वेळा थेंब टाकते," दोना झुल्मिरा म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

"टाकते हो डॉक्टर," तिची लेक इव्होनेची म्हणाली. "मी लक्ष ठेवते ना. महिन्याला एक बाटली संपते."

डॉक्टर तालिताने डोळ्याचा दाब पुन्हा मोजला. छत्तीस; एकविसाच्या आत हवा होता. काचबिंदूने डावा डोळा गेल्या वर्षीच नेला होता. आता उजव्याची पाळी. तिने साओ लुईस शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी पुढे ओढली.

"औषध लागू पडत नसेल तर ऑपरेशन करावं लागेल. त्यात हाही डोळा जाऊ शकतो. म्हणून शेवटचं विचारते, थेंब खरंच टाकता ना?"

झुल्मिरा पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागली. म्हातारी हट्टी, पण घाबरलेली होती.

डॉक्टरने बॅटरी डोळ्यावर धरली आणि पेन खाली ठेवलं.

"या थेंबांनी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. ती आवळली की डोळ्यात तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते, दाब उतरतो. तुमची तर चांगली मसुराएवढी आहे. दोना झुल्मिरा, या डोळ्यात थेंब गेलेलाच नाही."

इव्होनेची वळली. "आई, मग बाटली संपते कशी?"

"चुलीत ओतते," झुल्मिरा म्हणाली. "पहिल्या दिवशी टाकलं आणि तशीच रानात गेले. भर दुपारी झाडाखाली अंधार. हाताखालची पानं दिसेनात. हंगामात पानं तोडून विकली नाहीत, तर वर्षभर तुझ्या पोरांना काय घालू? माझे डोळे?"

"बाहुली आवळली की उजेडही कमीच आत जातो," डॉक्टर म्हणाली. डॉक्टरने स्वतः तिच्या डोळ्यात थेंब टाकला. पाव तासाने दुसरा. मग तिसरा. तिघी बाकावर बसून राहिल्या. चिठ्ठी टेबलावर तशीच होती.

तासाभराने दाब अठ्ठावीसवर आला. डॉक्टरने चिठ्ठी खणात टाकली. इव्होनेचीने तेवढ्यात नाक पुसून घेतलं.

"उद्यापासून रानात मी जाईन," ती म्हणाली. "तू अंगणात पानं वाळव. उन्हात दिसेल तुला."

झुल्मिराचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती सारखी थुंकी गिळत होती. कपाळावर घाम आला होता. तिने जीभ टाळूला लावून बघितली.

"डॉक्टर, यात जबोरांडी आहे. आम्ही तोडतो तीच पानं."

"त्याच पानांपासून बनतं हे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तोंडाला पाणी सुटलंय. वाळलेली पानं झोडताना धूळ तोंडात जाते, तेव्हा असंच होतं."

"अगं, मग पहिल्या दिवशी नाही का कळलं?" इव्होनेचीने विचारलं.

"हंगामात तोंडाला असं पाणी सुटलेलंच असतं. आणि तो मेला पानं नेणारा व्यापारी चाळीस वर्षं सांगतोय, ही पानं शहरातल्या बायकांच्या केसांच्या तेलात जातात."

तिने बाटली उचलून उजव्या डोळ्याजवळ धरली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ बघत राहिली.

"आणि हीच पानं दिसावीत म्हणून," ती हळूच म्हणाली, "मी हे चुलीत ओतत होते."