शिंगाची नळी

असं समजा, की तुमच्या मुठीत म्हशीच्या शिंगाची एक नळी आहे. वीतभरही नाही. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाने आत जाणारा दट्ट्या, पिचकारीला असतो तसा. दट्ट्याच्या खालच्या टोकाला खळगा आणि खळग्यात करपवलेला कापूस. वरून तळहाताचा एक सणसणीत फटका मारला, की आतली हवा दाबली जाऊन इतकी तापते, की कापूस ठिणगी धरतो. काडी नको, गारगोटी नको. आता असंही समजा, की तुमचं नाव कुसुम, माघातली संध्याकाळ आहे, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत, मुरारच्या फौजी लाइनीमागच्या मैदानात, तुम्ही शेकोटी रचून बसला आहात.

रचायला आबांनीच शिकवलं होतं. खाली वाळकं गवत, त्यावर काटक्या, मग गोवऱ्या. आबा म्हणजे कुसुमचे वडील, महिपतराव, महाराजांच्या फौजेत नाईक होते. नळी त्यांनी लढाईच्या दिवसांत ब्रह्मदेशातून आणली होती. तिथले डोंगरी लोक तिच्यावर चुली पेटवायचे. लाइनीतल्या पोरांना गोळा करून आबा संध्याकाळी ही विद्या शिकवत. हल्ली मात्र स्वतः फटका मारत नसत. "मी बघतो, तू मार," म्हणत. का, ते एकट्या कुसुमला ठाऊक होतं. पावसाळ्यापासून त्यांच्या उजव्या हातातली ताकद उतरत चालली होती. घरात ते पेलासुद्धा डाव्या हाताने उचलत.

संस्थान विलीन झालं, त्यानंतरचा हा तिसरा हिवाळा. आता फौजही दिल्लीच्या फौजेत मिसळायची होती, आणि त्याआधी माणसं निवडणं चाललं होतं. सुभेदार ज्याच्याकडे बोट दाखवील, त्याला डॉक्टर तपासत. बाकीचे तसेच पुढे जात. जो नापास झाला, त्याची नोकरी गेली आणि लाइनीतली खोलीही गेली. शेजारचे रघुनाथराव असेच गेले. दख्खनेत आपल्या गावी जातो म्हणाले. ते गाव त्यांच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. उद्या आबांच्या तुकडीची पाळी होती.

सुभेदार दौलतसिंह फेरी मारता मारता आले आणि पोरांच्यात उकिडवे बसले.

"काय महिपतराव, अजून पेटली नाही? बर्मा में तो एक झटके में लगाते थे. आम्ही सगळे बिडी घेऊन लाइनमध्ये उभे राहायचो."

"पोरीला शिकवतोय, साहेब."

"पोरगी नंतर. पहिले गुरुजी लावतील." ते हसत होते, पण नजर आबांच्या उजव्या हातावर होती. "परेड में राइफल गिर गई थी तुम्हारी. ऐकलं मी."

"थंडी होती, साहेब. बोटं आखडली."

"हां. थंडी तर आहेच."

आबांनी नळी घेतली. फटका मारला. दट्ट्या अर्ध्यावरच अडला. त्यांनी कापूस नीट केला आणि पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात घसरला आणि नळी धुळीत पडली. पोरांना वाटलं, आबा गंमत करताहेत. पोरं हसली. मग आबांचं तोंड पाहून गप्प झाली.

"कापूस ओला झालाय," आबा म्हणाले. "दव पडतंय."

"असेल." दौलतसिंहांनी नळी उचलली, गुडघ्याला पुसली आणि कुसुमपुढे धरली. "बेटी, तू लगा."

कुसुमने आबांकडे पाहिलं. आबा गोवऱ्यांकडे पाहत होते. कालच तिने पहिल्या फटक्यात पेटवली होती, आणि आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती, डाव्या हाताने. आज पेटली, तर कापूस कोरडा ठरणार. मग दोष कशात होता, हे सुभेदारांना कोणी सांगायला नको.

हळूच मारावं, असं तिने ठरवलं. नळी जमिनीवर टेकवली, हात उचलला. पण कितीतरी संध्याकाळी बसून आबांनी तो हात घडवला होता. त्याला हळू मारणं ठाऊकच नव्हतं. फटका पुरा बसला. ठप्प. दट्ट्या तळापर्यंत गेला. आवाजावरूनच तिला कळलं, कापसाने धरलंय.

मुलांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. फटका मारला, की दट्ट्या तिथल्या तिथे बाहेर ओढायचा आणि कापसावर फुंकर घालायची. नळीत हवा असते चिमूटभर. ओढायला उशीर झाला, तर धरलेला कापूस आतल्या आत विझतो. नवी पोरं सगळी इथेच चुकतात. कुसुम आता नवी नव्हती.

"निकाल, बेटी," दौलतसिंह म्हणाले.

आबांनी मान वर केली.

"सुनती नहीं? बाहर निकाल."

आतली दाबलेली हवा दट्ट्याला वर रेटत होती. कुसुमने दुसरा हातही त्यावर ठेवला, हातांवर हनुवटी टेकवली, आणि सुभेदारांच्या डोळ्यांत बघत तो तसाच दाबून धरला.