कोरी बाजू

कुठल्याच पेपरात नोकरीला नसलेल्या फोटोग्राफरला पोलीस गर्दीतून हुसकून लावत. म्हणून बायकोनं त्याला चमकतं पिवळं जाकीट आणलं आणि पाठीवर ठसठशीत अक्षरांत 'छायाचित्रकार' शिवलं. "आता अडवून दाखवा म्हणावं!"

पेटलेल्या इमारतीपाशी त्याला खरंच कुणी हटकलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो थेट पहिल्या पानावर आला.

"देव पावला!" म्हणत बायकोनं पेपर उलगडला आणि थबकली. "अहो, हे आजोबा आगीत गेले ना? मग खिडकीत हसतायत कसे?"

त्यानं खुंटीवरचं जाकीट काढून तिच्यासमोर धरलं. पुढची बाजू कोरी होती.

"त्यांनी मला समोरून येताना पाहिलं गं. आत वळून घरच्यांना ओरडून म्हणाले, 'थांबा, जिना उतरू नका. बंबवाले आले आपल्याला सोडवायला.'"