दातातले डोंगर

नागरिकत्व कचेरीतल्या यंत्राने ओजसचा पडलेला दात वाचला आणि पडद्यावर नकाशा उमटला. भोरचे डोंगर! इतक्या दूरदेशी माहेर दिसलं म्हणून हेमांगी आधी हरखलीच.

"मॅडम, मुलगा इथेच जन्मला म्हणता," अधिकारी म्हणाला. "दात तर सांगतो, हा तिकडच्या मातीवर पोसलाय. म्हणजे चोरून आणलेला."

"अहो, त्याने ते डोंगर पाहिलेसुद्धा नाहीत! माझी आई नाचणीचं सत्त्व पाठवते. मला दिवस गेल्यापासून घरात तेच शिजतं."

अधिकाऱ्याने उसासा टाकला. "त्याचे पक्के दात अजून हिरडीत घडताहेत. इथलंच अन्न द्या, पुन्हा तपासू. तेव्हाही डोंगरच दिसले, तर त्याला तिकडे धाडावं लागेल."

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गं, सत्त्व संपलं असेल ना? पाठवू?"

"पाठव ना," हेमांगी कसंबसं म्हणाली.

तिने ओजसपुढे ओट्सची वाटी ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून नाचणीची खीर खायला घेतली.

"आई, मला नाही?"

"नाही रे राजा."

तिचे दात केव्हाच घडून झाले होते.