भांडी विसळलेलं पाणी

सासऱ्यांनी घरजावयाला खानावळीतून हाकललं. पण ते झालंच नाही, असं समजू या.

तर सकाळी सासरे भटारखान्यात लालबुंद होऊन येरझारा घालत होते. 'चोखंदळ' असं टोपणनाव घेऊन कुणीतरी फोनवरच्या अभिप्रायांत त्यांच्या खानावळीला पाचपैकी एकच तारा दिला होता आणि वर लिहिलं होतं, "सूप कसलं, भांडी विसळलेलं पाणी!"

"सापडू दे मेला, त्याच पातेल्यात बुडवतो. काय जावईबापू?"

"बुडवाच, बाबा," पीठ मळता मळता जावई म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नोकरी, जेवण आणि डोक्यावरचं छप्पर, सगळं सासऱ्यांचंच. शेजारी सासूबाई मान खाली घालून कांदा चिरत होत्या.

हात कायम पिठात, म्हणून जावयाचा फोन आलेला निरोप आपणहून मोठ्यानं वाचायचा. तो नेमका आत्ता बोलला, "अभिनंदन, चोखंदळ! तुमचं मत 'सासूबाई' यांना आवडलं."

 

मागच्या दाराबाहेर पायरीवर बसून दोघांनी फोनच्या कंपनीला अर्ज धाडला: "सदर निरोप आपल्या फोनने वाचलाच नाही, असे आमच्या घरमालकांस लेखी कळवावे, ही विनंती. आपले नम्र, जावई व सासूबाई."