घळीत उतरण्याआधी

“ब्रशचा दांडा अर्धा कापला तर नऊ ग्रॅम वाचतात,” नवरा म्हणाला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याने तिचा टूथब्रश ठेवला होता.

“माझ्या ब्रशला हात लावू नका. वजनच कमी करायचंय तर मिशी कापा तुमची.”

“मिशी सामानात धरलेलीच नाही मी.” तो मनापासून हसला आणि वहीत नऊ ग्रॅम लिहून टाकले.

तीही हसली. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. सहा महिने एका माणसाची जागा रिकामी होती आणि ते काम तिच्याच गळ्यात होतं.

टेबलावर नकाशा पसरलेला होता. शेवटच्या वस्तीपासून दीड दिवसाच्या चालीवर ती घळ होती. अकराशे मीटर खोल, तळाशी नदी, वाटेत हाक ऐकायला कोणी नाही. वर्षाला मोजकेच परवाने, तेही चिठ्ठ्या टाकून. सात वर्षं यांचं नाव हुकलं होतं. या वर्षी निघालं. आता शनिवारच्या आत दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट पाठवायचे, रक्तगटासकट, की परवाना हातात.

“रिपोर्ट झाले का गं?”

“गट बघायचा राहिलाय. उद्या करते.”

“त्यात बघायचंय काय? मी ओ, तू एबी. मी सगळ्यांना देणारा, तू सगळ्यांकडून घेणारी. लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे.”

“स्वतः बघितल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही.”

“नवऱ्याच्यासुद्धा?”

“नवऱ्याच्या तर मुळीच नाही.”

तो पुन्हा हसला. पाण्याच्या बाटल्या भरलेली पंधरा किलोची सॅक त्याने पाठीवर चढवली आणि सरावाला जिन्यात गेला. चार मजले, तीन फेऱ्या. ती बसल्या जागी त्याची पावलं ऐकत राहिली. तिसऱ्या फेरीतही ती जड झाली नाहीत.

तिचे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी याच टेबलावर तिने दोघांचं रक्त काढलं होतं. आधी त्याचं, मग स्वतःचं. तिच्या दंडावरचा पट्टा त्याने ओढून धरला होता. नावांच्या चिठ्ठ्या तिने आधीच लिहून ठेवल्या होत्या. तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून ती उठली. गॅस पुसून येईपर्यंत त्याने चिठ्ठ्या दोन्ही नळ्यांवर सुबक चिकटवल्या होत्या. “बघ, तुझ्या हाताखाली लागलो असतो तर बढती मिळाली असती,” असंही वर म्हणाला होता.

सोमवारी तिने त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि चाळीस हजार काचा पाहिलेले तिचे हात थांबले. जिथे तिथे मोठ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी, रक्ताच्या कर्करोगात दिसतात तशा. एवढ्या की मोजायची गरजच नव्हती.

लॅबच्या डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“ताई, यांना दम लागतो का? कुठे काळेनिळे डाग?”

“काहीच नाही. माझ्यापेक्षा भराभर जिना चढतात.”

“नवल आहे. पण काच खोटं बोलत नाही. पुन्हा रक्त घ्या आणि लगेच दाखवा. थांबू नका.”

“चार दिवस द्या मला, मॅडम. सात वर्षांनी नंबर लागलाय त्यांचा.”

तिचा स्वतःचा रिपोर्ट मात्र पुस्तकात छापावा असा आला होता. ते आकडे बघून ती स्वतःवरच चिडली. रक्तात खोट नाही, मग हे रोजचं गळून जाणं कसलं? नुसतं मनाचं? ज्याला खरोखर झालंय तो सॅक घेऊन जिने चढतोय, आणि आपण प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभ्या. परवा दोनच मिनिटं ती सॅक घालून पाहिली तर खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उठला होता. तो अजून गेला नव्हता.

दार उघडलं. तो घामेजून आत आला, पण धापा टाकत नव्हता.

“उद्या तू पण चल. तुझा सराव शून्य आहे. घळीत तुला उचलून आणायला लावशील मला.”

“उद्या बोलू,” ती म्हणाली. सांगायचं वाक्य तिने तयार ठेवलं होतं: घळ कुठे पळून जात नाही, आधी तुम्हाला बरं व्हायचंय. उद्या रिपोर्ट लिहून झाले की संध्याकाळी, याच टेबलावर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबमध्ये एकटीच होती. फ्रिजमधून तिने दोन्ही नळ्या काढल्या. हे काम ती झोपेतही करू शकली असती. काचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकावर ए गटाचा द्रव, दुसऱ्यावर बी गटाचा. एबीच्या रक्ताला दोन्हीकडे दाणे धरतात. ओचं रक्त दोन्हीकडे गुळगुळीत राहतं.

त्याच्या नावाची नळी आधी घेतली. थेंब टाकले, पट्टी हलकेच झुलवली.

पहिल्या थेंबात दाणे धरले. मग दुसऱ्यातही.

तिने नळीवरचं नाव वाचलं. त्याचंच होतं. चिठ्ठी अगदी सरळ, कुठे सुरकुती नाही.

मग कठडा धरावा तसा टेबलाचा काठ धरून तिने स्वतःच्या नावाची नळी उघडली. दोन थेंब टाकले. पट्टी झुलवली, पुन्हा झुलवली, उजेडाकडे धरली.

दोन्ही थेंब गुळगुळीत होते. सगळ्यांना देणाऱ्याचं रक्त.