पिवळी पट्टी

"दुपारी धरणाचं पाणी सोडणार आहेत. खालच्या आळीनं देवळात यावं," ग्रामसेवक दाभाड्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवरच्या अफवा ओळखणाऱ्या यंत्रानं लगेच त्याखाली पिवळी पट्टी चिकटवली: 'हा विनोद आहे, बातमी नव्हे.' यंत्राचा तरी काय दोष? 'टँकर उद्या येईल' अशा पंचायतीच्या तीन वर्षांच्या सूचना वाचूनच ते शिकलं होतं.

दाभाडे धावत खालच्या आळीत गेले. "अनसूयाकाकू, निघा!"

"निघते की, भाऊसाहेब," काकू शेंगा निवडत म्हणाल्या. "तुमचा टँकर आला की त्यातच बसून!"

सगळी आळी हसली.

संध्याकाळी आळी देवळात ओलीचिंब बसली होती. काकू नव्हत्या. दाभाड्यांनी ग्रुपवर लिहिलं, "शोधपथक उद्या पोहोचेल."

खाली पट्टी आली. सगळ्यांनी ती वाचली. कुणी हसलं नाही.