राकेल पचवणारा पंप

तुळजाबाईंनी चहाला हात लावला नाही.

"मला एवढंच सांगा मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ते राकेल गाडीसाठीच होतं का?"

चांदपाशाने हातातला पाना खाली ठेवला. शहागडला हमरस्त्याला लागून त्याचं गॅरेज. समोरून उसाचे ट्रक चालले होते आणि बाई इतक्या हळू बोलत होत्या की त्याला पुढे वाकावं लागलं.

त्यांची लेक पुष्पा त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात जळून गेली होती. स्टोव्हचा भडका उडाला आणि शेजारचे डबे पेटले, असं जावई सर्जेराव सांगत होता. पोलिसांनी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. घरात एवढं रॉकेल कशाला, हा त्यांचा सवाल. तुळजाबाईंचाही तोच.

"त्यानं मारलं असंल तर मी त्याला सोडायची न्हाई. पण मारलं नसंल अन् मी बोट दाखवलं, तर पुष्पी मला वरून माफ करायची न्हाई. लय जीव होता तिचा त्याच्यावर. गाडी तुम्ही केली. तुम्हालाच ठावं."

चांदपाशाला ठाऊक होतं.

पोळ्याच्या आधी सर्जेराव ती पिकअप घेऊन आला होता. नवी, कॉम्प्युटरवाली. "चाचा, हे सगळं काढा अन् डिझेलचा जुना पंप बसवा," म्हणाला. चांदपाशाने चावी फिरवली. इंजिन लगेच उठलं.

"अरे, अच्छीभली गाडी हाय. कशाला चिरायची?"

"रस्त्यात बंद पडती चाचा. अन् डिझेल परवडत न्हाई. जुन्या पंपाला काय बी चालतं म्हणत्यात."

"काय बी?" चांदपाशाला चेव आला. "बेटा, त्याला राकेल पाज. वरून थोडं ऑईल. ढेकरसुदीक द्यायचा न्हाई."

सर्जेराव खो-खो हसला. चहाच्या टपरीवर त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. "सांगा चाचा ह्यांना, ह्यांना खरं वाटंना." चांदपाशाने सांगितलं. टपरी हसली. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य शहागडात फिरत होतं.

काम अवघड होतं, म्हणूनच त्याला आवडलं. भंगारातल्या जीपचा पंप आणून त्याने तो खोलून साफ केला, बसवायला लोखंडी पट्ट्या घडवल्या, इंजिनाच्या फिरण्याशी पंपाचं टायमिंग जुळवलं, नव्या नळ्या टाकल्या, नवा फिल्टर लावला. आता चावी काढून इंजिन बंद होणार नव्हतं, म्हणून ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक वायर आणून दिली. ती ओढली की डिझेल तुटायचं.

शेवटच्या दिवशी पुष्पा जेवणाचा डबा घेऊन आली होती. इंजिन सुरू झालं तशी तिने कानांवर हात ठेवले.

"अगं बया! चाचा, गाडी केली का गिरणी?"

"बरंच हाय की. नवरा कुठं फिरून राह्यला ते घरबसल्या कळंल."

"कळून काय करू? माझं ऐकत्यात थोडंच? रेशनच्या राकेलचे डबे आणून स्टोव्हपाशी रचलेत. हलवा म्हणते तर नुसतं हो-हो."

"अंगणात ठेवले तर लोक उचलून नेत्यात," सर्जेराव म्हणाला.

त्याच वेळी त्याला दोन शब्द सुनावायला हवे होते. चांदपाशा नुसता हसला होता.

"गाडीसाठीच होतं बाई," तो आता तुळजाबाईंना म्हणाला. "बिलकुल. मीच सांगितलं त्याला तसं. गुन्हा असंल तर माझ्या तोंडाचा हाय."

बाई पदराने तोंड पुसून उठल्या.

"मंग मी तक्रार देत न्हाई. तुमच्या शब्दावर चालले मिस्त्री."

चांदपाशाने ठाण्यात जाऊन तोच जबाब दिला. एक अक्षर खोटं सांगितलं नाही. टपरीवरच्या लोकांनीही दुजोरा दिला. सर्जेराव सुटला, थेट गॅरेजमध्ये आला आणि चांदपाशाच्या गळ्यात पडून लेकरासारखा रडला.

त्यानंतर चांदपाशाने पंपाची फुशारकी कोणापाशी मारली नाही. जुना पंप बसवायचं काम आलं, की तो गिऱ्हाइकाला परतूरला धाडायचा. जेवताना घास हातातच राहायचा. "काडी तुम्ही लावली का?" मैमूना, त्याची बायको, चिडून म्हणायची. पण आपणच लावली, असं त्याला वाटायचं.

वर्ष उलटल्यावर सर्जेराव आला. पंप बसवल्यापासून गाडी पहिल्यांदाच परत आली होती. शेजारी नवी बायको होती, हातात लग्नाचा हिरवा चुडा.

"चढाला दम धरंना चाचा."

"फिल्टर तुंबला असंल. कधी बदलला?"

"तुम्ही बसवला तोच हाय. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"लय येळ लागंल का चाचा?" खिडकीतून बायकोने विचारलं. "माहेराला जायचंय. आई वाट बघून राह्यली."

"न्हाई बेटी. आत्ता होतंय."

रेशनचं रॉकेल निळं असतं. ते पाजलेल्या गाडीच्या फिल्टरचा कागद घड्यांच्या तळापर्यंत निळा पडतो आणि मग कितीही डिझेल गेलं तरी तो डाग निघत नाही. असे फिल्टर काढता काढता चांदपाशाची नखं आयुष्यभर निळी राहिली होती. त्याने बोल्ट सोडवला, भांडं उतरवलं, आतला कागद फडक्यावर निथळू दिला. मग बाहेर नेऊन उन्हात धरला आणि एकेक घडी अंगठ्याने उलगडून पाहिली.

शेवटच्या घडीपर्यंत कागद काळपट पिवळा होता. निळ्याचा टिपूससुद्धा नव्हता.